आखूड शेपूट, पिवळी लव, न भागणारी भूक: म्यूटंट उंदरांबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या अंकात डायबेटिसवर लिहिताना मी एका वाक्यात म्हणून गेले होते की भूक आणि साखर याबद्दल आज जे कळलंय त्यातलं बरंच म्यूटंट उंदरांमुळे कळलंय, आणि त्या एकाच वाक्यावर एवढी पत्रं आणि मेल आले की संपादकांनी यावेळचा सगळा कॉलम त्यालाच दिलाय. बावीस वर्षं उंदरांच्या अ‍ॅनिमल हाऊसमध्ये गेलीत माझी, त्यामुळे विषय निघाला की मला थांबता येत नाही, पण सगळ्यांचे प्रश्न घ्यायचा प्रयत्न करते.

ताई, म्यूटंट म्हटलं की मला दोन डोक्यांचं काहीतरी भयंकर आठवतं. लॅबमध्ये उंदरांना काहीतरी टोचून असं बनवतात का? (अकरावी सायन्सची विद्यार्थिनी, सांगली)

अगं नाही. म्यूटेशन म्हणजे डीएनएच्या मजकुरात झालेला बदल, तुमच्या पुस्तकात त्याला उत्परिवर्तन म्हणतात, आणि तो तुझ्यात पण आहे, माझ्यात पण आहे. प्रत्येक बाळ जन्मताना आईवडिलांत नसलेले साधारण ६०-७० नवे बदल घेऊन येतं, बहुतेकांनी काहीच होत नाही. उंदरांचंही तेच. हजारो पिल्लं जन्मतात, त्यात एखादं वेगळं निघतं, कुणाची शेपूट आखूड, कुणी गोल गोल फिरतंय, कुणाला केसच नाहीत. जुने जे नावाजलेले म्यूटंट आहेत त्यातले कितीतरी असेच आपोआप सापडलेत, कुणी टोचून बनवले नाहीत. फरक एवढाच की कुणीतरी ते पिल्लू बघितलं आणि फेकून न देता वेगळ्या पिंजऱ्यात ठेवलं.

आणि ही सगळी सुरुवात कुठल्या मोठ्या इन्स्टिट्यूटमध्ये झाली नाही हे तुला सांगायलाच हवं. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या ग्रॅन्बी गावात अ‍ॅबी लेथ्रॉप नावाची एक माजी शाळामास्तरीण होती, तिने १९०० च्या आसपास हौशी लोकांना विकायला रंगीबेरंगी उंदीर पाळायला सुरुवात केली, मग संशोधक तिच्याकडून उंदीर घ्यायला लागले. तिच्या लक्षात आलं की काही घराण्यांतल्या उंदरांना गाठी जास्त येतात. तिने नुसतं लक्षात ठेवलं नाही, लिओ लोब नावाच्या पॅथॉलॉजिस्टला त्या गाठी पाठवल्या आणि दोघांनी मिळून पेपर लिहिले, मादीची अंडाशयं काढली तर स्तनाच्या गाठी कमी होतात हे त्यांनी शंभर वर्षांपूर्वी दाखवलं. १९१८ ला ती गेली. तिच्याच उंदरांतून आलेल्या ५७ नंबरच्या मादीपासून क्लॅरन्स कुक लिटल यांनी १९२१ मध्ये जो काळा स्ट्रेन, म्हणजे उंदरांचं एक ठरावीक घराणं, तयार केला तोच आजचा सी५७ ब्लॅक ६, जगातला सगळ्यात जास्त वापरला जाणारा लॅबचा उंदीर. २००२ मध्ये उंदराचा जीनोम, म्हणजे डीएनएचा सगळा मजकूर, पहिल्यांदा छापून आला तो याच स्ट्रेनच्या मादीचा. लेथ्रॉपबाईंचं नाव मात्र कुठल्याच पुस्तकात माझ्या शिक्षकांनी मला दाखवलं नाही, मला ते पस्तिशीत कळलं, म्हणून तुला अकरावीतच सांगते.

एक शब्द अजून लक्षात ठेव, इनब्रेड. सख्ख्या भावाबहिणीची जोडी लावायची, त्यांच्या पिल्लांत परत भाऊबहीण, असं सलग किमान २० पिढ्या. मग त्या स्ट्रेनमधले सगळे उंदीर जवळजवळ जुळ्यांसारखे होतात, एकाची कातडी दुसऱ्याला लावली तरी शरीर ती नाकारत नाही. सगळे सारखे असले की एकच जीन बदललेला उंदीर उठून दिसतो, एवढ्यासाठी हा खटाटोप.

पिवळा उंदीर आणि २:१ हा रेशो आमच्या सरांनी घाईत सांगितला. मेंडेलचा ३:१ कुठे गेला? (बीएस्सी दुसरं वर्ष, अहिल्यानगर)

छान प्रश्न. बाकीच्यांसाठी एक ओळ: आनुवंशिकतेचे नियम मांडणाऱ्या मेंडेलच्या हिशेबाने पिवळ्याला पिवळा लावला आणि दोघांत एकेक कॉपी साधी असली तर चार पिल्लांत तीन पिवळी, एक साधं यायला हवं. फ्रान्समध्ये नान्सी शहरात ल्युसियाँ क्युएनो उंदरांच्या रंगावर काम करत होते, १९०५ मध्ये त्यांनी लिहिलं की पिवळ्याला पिवळा लावला तरी शुद्ध पिवळं घराणं काही मिळतच नाही, दर वेळी थोडी पिल्लं दुसऱ्या रंगाची निघतातच. कारण १९१० मध्ये कॅसल आणि लिटल यांनी मांडलं, खूप पिल्लं मोजून. प्रत्येक जीनच्या दोन कॉपी असतात, एक आईकडून, एक बापाकडून; ज्या पिल्लात पिवळ्याच्या दोन्ही कॉपी येतात ते आईच्या पोटातच मरतं. चारातला एक गेला, उरले दोन पिवळे आणि एक साधा, झाला २:१. म्हणजे मेंडेल बरोबरच होता, पण मोजताना न जन्मलेले धरायचे राहिले होते. तू परीक्षेत रेशो लिहिशीलच, पण मी सांगते ते कर, असा आकडा कुठे दिसला तर पहिलं विचार की गेलेले कुठे गेले.

आणि हा पिवळा उंदीर लठ्ठ पण असतो! रंगाचा आणि चरबीचा काय संबंध असं वाटेल, पण तो जीन, अगूटी त्याचं नाव, त्याचं प्रोटीन केसाच्या मुळाशी एका रिसेप्टरला, म्हणजे पेशीवरच्या निरोप घेणाऱ्या प्रोटीनला, अडवतं म्हणून केस पिवळे होतात. या उंदरात ते प्रोटीन नको तिथे, अख्ख्या अंगात बनतं, मेंदूत तसाच एक भाऊबंद रिसेप्टर आहे एमसी४आर नावाचा, तोही अडतो, आणि तो भूक आवरण्याच्या कामाचा. माणसातही त्या रिसेप्टरच्या जीनमध्ये बिघाड असला की लहानपणापासून वजन वाढतं. पुढच्या पत्राचं उत्तर इथूनच सुरू होतं.

माझा मुलगा सात वर्षांचा आहे, वजन खूप आहे. नातेवाईक म्हणतात तुम्हीच लाडावलंय, त्याला तोंडावर ताबा नाही. तुम्ही लठ्ठ उंदरांचं लिहिलं होतं ते वाचून मला रडू आलं. त्यात माझ्या मुलासाठी काही आहे का? (एक आई, नाशिक)

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. आधी उंदराची गोष्ट सांगते, मग मुलाचं.

अमेरिकेत मेन राज्यात बार हार्बर या गावी जॅक्सन लॅबोरेटरी आहे, वर ज्यांचं नाव आलं त्या लिटल यांनीच १९२९ मध्ये काढलेली. तिथे १९४९ च्या उन्हाळ्यात काही पिल्लं प्रमाणाबाहेर गुबगुबीत दिसली. ती मोठी झाल्यावर साध्या उंदराच्या तिप्पट-चौपट वजनाची व्हायची, सारखी खात राहायची. म्यूटेशनला नाव दिलं ओबीज, म्हणजे ओबी. १९६६ मध्ये तिथल्याच अजून एका लठ्ठ उंदराची माहिती छापून आली, याला डायबेटिस पण जोरात, त्याचं नाव डीबी. दिसायला दोघे सारखेच.

डग्लस कोलमन नावाचे बायोकेमिस्ट होते तिथे, त्यांनी दोन उंदीर शस्त्रक्रियेने कडेला कडे जोडले म्हणजे एकाचं रक्त दुसऱ्यात जाईल. हा प्रयोग वाचायला त्रास होतो मला मान्य आहे, मलाही होतो, पण त्यातून जे कळलं ते दुसऱ्या कशाने त्याकाळी कळलं नसतं. डीबीला साध्या उंदराशी जोडलं तर साधा उंदीर खायचा थांबला आणि उपाशी मेला. डीबीला ओबीशी जोडलं तर ओबीचं खाणं बंद पडलं आणि तोही गेला. ओबीला साध्याशी जोडलं तर ओबी कमी खायला लागला, आणि दोघं जगले. कोलमन यांनी यावरून सांगितलं की रक्तात एक पदार्थ असतो जो मेंदूला 'पोट भरलं' असं कळवतो, ओबीला तो बनवता येत नाही पण ऐकू येतो, डीबी तो भरपूर बनवतो पण त्याला ऐकू येत नाही. बरीच वर्षं लोकांना हे पटलं नाही, कारण लठ्ठपणा म्हणजे संयमाचा प्रश्न असंच सगळे धरून चालले होते, तुमच्या नातेवाईकांसारखंच.

मग १९९४ मध्ये न्यूयॉर्कला जेफ्री फ्रीडमन यांच्या टीमने ओबी जीन शोधला, तो पदार्थ म्हणजे चरबीच्या पेशींतून येणारं हार्मोन, नाव लेप्टिन, ग्रीकमधल्या 'बारीक' या शब्दावरून. ओबी उंदरांना ते टोचल्यावर त्यांचं खाणं आणि वजन दोन्ही उतरलं. डीबीमध्ये लेप्टिनचा रिसेप्टर बिघडलेला निघाला. कोलमन यांनी नुसत्या तर्काने सांगितलेलं अक्षरशः तसंच निघालं, कुठला जीन ते माहीत नसताना! २०१० मध्ये दोघांना लास्कर पुरस्कार मिळाला.

आता माणूस. १९९७ मध्ये ब्रिटनमध्ये मूळच्या पाकिस्तानी कुटुंबातली दोन चुलत भावंडं सापडली ज्यांच्यात लेप्टिनच बनत नव्हतं. मोठी मुलगी ८ वर्षांची आणि वजन ८६ किलो, धाकटा २ वर्षांचा आणि २९ किलो. मुलीला लेप्टिनची इंजेक्शनं सुरू केल्यावर तिची भूक माणसात आली आणि वजन उतरायला लागलं, हे १९९९ मध्ये प्रसिद्ध झालं. त्या मुलीला पण तोवर सगळ्यांनी हावरट म्हणूनच ऐकवलं असणार, दुसरं काय.

पण ताई, इथे तुम्हाला खोटी आशा लावायची नाही मला. असे बिघाड फार कमी मुलांत असतात. बहुतेक लठ्ठ माणसांत लेप्टिन कमी नसतं उलट जास्तच असतं, त्यामुळे कुणी लेप्टिनच्या गोळ्या म्हणून काही विकत असेल तर घेऊ नका. वजन पाच वर्षांच्या आधीपासून झपाट्याने वाढत असेल आणि भूक अशी असेल की मूल जेवणावरून उठताच परत अन्न शोधतं, रात्री उठून शोधतं, तर बालरोग एंडोक्रायनॉलॉजिस्टना, म्हणजे मुलांच्या हार्मोनच्या डॉक्टरांना, दाखवा आणि जेनेटिक टेस्टची गरज आहे का हे सरळ विचारा. काही थोड्या बिघाडांवर आता औषध आहे, सेटमेलॅनोटाइड नावाचं, अमेरिकेत २०२० मध्ये मंजूर झालं, ते त्याच एमसी४आर रिसेप्टरवर चालतं जो पिवळ्या उंदरात अडलेला होता. आणि टेस्टमध्ये काहीच निघालं नाही तरी मुलाला 'ताबा नाही' असं त्याच्यासमोर कुणाला बोलू देऊ नका. भूक ही शरीराची गोष्ट आहे, हे ऐंशी ग्रॅमच्या उंदराने सिद्ध करून झालंय.

लॅबचे पांढरे उंदीर आंधळे असतात का? (रिक्षाचालक, डोंबिवली)

बहुतेक नाही. पांढरे म्हणजे अल्बिनो, रंगद्रव्य बनवणारं टायरोसिनेज एन्झाइम बिघडलेलं असतं, डोळे लाल दिसतात कारण आतलं रक्त दिसतं. नजर अधू असते, उजेड सोसत नाही. पण काही स्ट्रेन खरंच आंधळे आहेत, त्याचं पुढे येतंच. आणि दादा, मराठीत आपण माऊस आणि रॅट दोघांना उंदीर म्हणतो, इथे मी जे लिहितेय ते सगळं छोट्या माऊसबद्दल आहे, वीस-तीस ग्रॅमच्या.

तुम्ही भ्रूणाच्या वाढीवर काम करत होता असं वाचलं. शेपूट आखूड आहे का लांब यावरून माणसाबद्दल काय कळणार? (निवृत्त शिक्षक, रत्नागिरी)

सर, हा माझ्या जवळचा विषय, थोडं लांबेल.

नादेझ्दा डोब्रोव्होल्स्काया-झावाड्स्काया या मूळच्या रशियन सर्जन, क्रांतीनंतर देश सोडून पॅरिसला आल्या आणि तिथल्या रेडियम इन्स्टिट्यूटमध्ये उंदरांवर एक्स-रेचा परिणाम बघत होत्या. १९२७ मध्ये त्यांनी आखूड शेपटीचं एक घराणं सांगितलं. जीनला नाव पडलं ब्रॅक्युरी, ग्रीकमध्ये आखूड शेपूट, किंवा नुसतं टी. दोन आखूड शेपटीवाल्यांची जोडी लावली की परत तेच २:१, म्हणजे दोन्ही कॉपी बिघडलेलं पिल्लू पोटातच जातंय. त्यांनी ते उंदीर न्यूयॉर्कला कोलंबिया युनिव्हर्सिटीत एल. सी. डन यांच्याकडे पाठवले.

डन जेनेटिक्सचे, त्यांना भ्रूणशास्त्र येत नव्हतं. आणि नेमकं त्याच काळात सॅलोमे ग्लुकसोन-वेल्श तिथे पोचल्या. डान्झिगला जन्मलेल्या ज्यू मुलीने हान्स श्पेमान यांच्या हाताखाली, ज्यांना भ्रूणशास्त्रासाठी नोबेल मिळालं, पीएचडी केली, आणि १९३३ मध्ये हिटलर आल्यावर जर्मनी सोडावी लागली. श्पेमान यांच्याकडचे लोक भ्रूणाचे तुकडे कापून, जोडून काय होतं बघायचे, जीन वगैरे त्यांच्या खिजगणतीत नव्हते. सॅलोमेबाईंनी उलटं बघितलं: निसर्गानेच म्यूटेशनच्या रूपाने प्रयोग करून ठेवलाय, आपण फक्त बिघडलेला भ्रूण रोज उघडून काय चुकतंय कुठून चुकतंय ते बघायचं. डेव्हलपमेंटल जेनेटिक्स असं आज ज्याला म्हणतात तो विषय अशा बायकांनी उभा केला, आणि बाईंना कोलंबियात बरीच वर्षं कायमची जागा मिळाली नाही हेही लिहून ठेवायला हवं. १९९३ मध्ये त्यांना अमेरिकेचं नॅशनल मेडल ऑफ सायन्स मिळालं, २००७ मध्ये वयाच्या शंभरीत त्या गेल्या.

दोन्ही कॉपी बिघडलेल्या भ्रूणात काय होतं? साधारण दहाव्या-अकराव्या दिवशी तो मरतो. उंदराचा गरोदरपणा १९-२० दिवसांचा, म्हणजे अर्ध्यावर. नोटोकॉर्ड नावाचा एक दांडा असतो पाठीच्या मधोमध, ज्याच्या भरवशावर मणके आणि मज्जारज्जू आपापली जागा घेतात, तोच नीट बनत नाही, आणि कमरेखालचा भाग जवळजवळ तयारच होत नाही. एकच कॉपी बिघडली तर मात्र फक्त शेवटचं टोक कमी पडतं, म्हणून शेपूट आखूड. तीच गोष्ट, जास्त आणि कमी. मी स्वतः साडेनऊ दिवसांचे भ्रूण मायक्रोस्कोपखाली उघडलेत. सकाळी सकाळी मादीचा प्लग, म्हणजे रात्री जोडी लागल्याची खूण, तपासायचा, दिसला तर त्या दिवसाची दुपार म्हणजे अर्धा दिवस, तिथून मोजायचं. तांदळाच्या कणीएवढा जीव असतो, पण पाठीवर मणक्यांचे पूर्वज, सोमाइट, मण्यांसारखे एका ओळीत दिसतात, हृदय धडधडताना दिसतं. म्यूटंट भ्रूणात ती ओळ अर्ध्यात वेडीवाकडी होऊन संपते. पहिल्यांदा बघितलं तेव्हा बराच वेळ मी नोंद करायचीच विसरले.

हा जीन प्रत्यक्ष हातात यायला १९९० उजाडलं, बर्नहार्ड हेरमन आणि हान्स लेहराख यांच्या टीमने तो शोधला. मग मासा, बेडूक, सगळीकडे त्याचे भाईबंद सापडत गेले, टी-बॉक्स नावाचं घराणंच निघालं. माणसात नोटोकॉर्डच्या उरलेल्या पेशींतून कॉर्डोमा नावाचा एक दुर्मिळ कॅन्सर होतो, कण्यात किंवा कवटीच्या तळाशी, काही कुटुंबांत तो पिढीजात असतो, तिथे याच जीनची एक कॉपी जास्त असल्याचं २००९ मध्ये कळलं. शेपूट नसलेल्या मँक्स मांजरातही हाच जीन बिघडलेला.

आणि सर, तुम्ही विचारलं माणसाबद्दल काय कळणार, तर २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या टीमने दाखवलं की माणूस आणि बिनशेपटीची माकडं, म्हणजे चिंपांझी गोरिला वगैरे, यांच्यात याच जीनच्या मध्ये डीएनएचा एक तुकडा येऊन बसलाय जो शेपटीवाल्या माकडांत नाही. त्यामुळे जीनच्या मजकुराचा एक भाग कधी कधी वगळला जातो. तसाच वगळ उंदरात केला तर शेपूट आखूड झाली किंवा गेलीच, आणि काही पिल्लांत कणा नीट न मिटण्याचा दोषही आला. तुमच्या आमच्या माकडहाडाची गोष्ट पॅरिसच्या १९२७ च्या पिंजऱ्यापर्यंत जाते.

मॅडम, मी पीएचडीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. गाईडच्या आग्रहावरून नॉकआऊट उंदीर मागवला, आणि त्याला काहीच होत नाही, अगदी धडधाकट आहे. माझी तीन वर्षं वाया गेली का? (संशोधक विद्यार्थी, पुणे)

नाही गेली. हा अनुभव इतका कॉमन आहे की तू एकटा आहेस असं वाटून घेऊ नकोस.

बाकीच्या वाचकांसाठी दोन ओळी: नॉकआऊट म्हणजे ठरवून एक जीन बंद केलेला उंदीर. १९८१ मध्ये भ्रूणातल्या स्टेम सेल डिशमध्ये वाढवता आल्या, १९८९ मध्ये पहिले नॉकआऊट आले, कापेकी, इव्हान्स आणि स्मिथीज यांना २००७ चं नोबेल त्यासाठीच. २०१३ पासून क्रिस्पर या डीएनए कापण्याच्या तंत्रामुळे हे काम वर्षांवरून महिन्यांवर आलं.

आता तुझं. पहिली शक्यता, दुसरा जीन काम सांभाळतोय. मायोडी हा स्नायू बनवणारा मास्टर जीन म्हणून गाजलेला, १९९२ मध्ये नॉकआऊट केला तर उंदीर स्नायूंसकट चांगला फिरतोय! पुढच्या वर्षी त्याचा जोडीदार मिफ५ पण सोबत काढला तेव्हा पिल्लांत स्नायूच बनले नाहीत. तर तुझ्या जीनला भावंडं कोण आहेत ते बघ.

दुसरी, आणि यावर मला जास्त बोलायचंय, बॅकग्राउंड. पिंजऱ्यावरच्या कार्डवर तू जीनचं नाव लिहितोस, पण उरलेला जीनोम कुणाचा आहे? पेशींना वाढीचा निरोप देणाऱ्या ईजीएफ रिसेप्टरचा नॉकआऊट १९९५ मध्ये तीन वेगवेगळ्या स्ट्रेनवर बघितला, एकात भ्रूण गर्भाशयात रुजतानाच जातो, दुसऱ्यात गरोदरपणाच्या मध्यावर, तिसऱ्यात पिल्लं जन्मून तीन आठवड्यांपर्यंत जगतात. जीन तोच, बिघाड तोच. वर जो डीबी सांगितला तोही ब्लॅक ६ वर असला तर लठ्ठ होतो पण साखर बऱ्यापैकी सांभाळतो, आणि बीएलकेएस नावाच्या चुलत स्ट्रेनवर तोच उंदीर गंभीर डायबेटिसने खंगतो. डायबेटिसवाल्या लॅबने स्ट्रेन न विचारता डीबी मागवला तर प्रयोग सुरू व्हायच्या आधीच फसलेला असतो.

माझं स्वतःचं सांगते. एका लॅबमध्ये असताना आम्ही ट्रान्सजेनिक, म्हणजे बाहेरचा जीन घातलेल्या, उंदरांची स्मरणशक्ती तपासत होतो, पाण्याच्या हौदात उंदीर सोडायचा, तो भिंतीवरच्या खुणा बघून पाण्याखालचा चौथरा शोधतो. आमचे सगळे नापास, ट्रान्सजेनिक पण आणि कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठीचे साधे, तेही. चार महिने आम्ही पाण्याचं तापमान बदल, खुणा मोठ्या कर, असं करत राहिलो. उंदीर एफव्हीबी स्ट्रेनचे होते, त्या स्ट्रेनमध्ये आरडी१ नावाचं जुनं म्यूटेशन ठाण मांडून आहे, दूध सुटेपर्यंतच त्यांचा रेटिना, म्हणजे डोळ्यातला पडदा, जातो. उंदीर आंधळे होते. भिंतीवरच्या खुणा दिसणार कशा? हे आमच्यातल्या कुणा शास्त्रज्ञाने ओळखलं नाही. पिंजरे साफ करणाऱ्या मावशी म्हणाल्या, "मॅडम, हे उंदीर टॉर्च मारला तरी तोंड फिरवत नाहीत, ते काळे लगेच फिरवतात." मला त्या दिवशी जी लाज वाटली ती अजून आठवते, आणि नंतर मी मावशींना विचारल्याशिवाय कुठलाही निष्कर्ष लिहिला नाही. सी३एच स्ट्रेनमध्येही हेच आरडी१ आहे. आणि ब्लॅक ६ डोळ्यांनी चांगला पण काही महिन्यांतच उंच आवाज ऐकू येणं कमी होत जातं, म्हणजे आवाजाचे प्रयोग म्हाताऱ्या ब्लॅक ६ वर करशील तर तेही चुकेल. ब्लॅक ६ मध्ये परत जे आणि एन असे दोन पोटभेद, जे मध्ये एनएनटी जीन बिघडलेला, एन मध्ये रेटिनाचं आरडी८. दोन्ही काळेच दिसतात, कार्डावर फक्त शेवटचं अक्षर वेगळं.

म्हणून तू हे कर. आधी तुझा स्टॉक नेमका कुठल्या बॅकग्राउंडवर आहे, किती पिढ्या बॅकक्रॉस झालाय, म्हणजे परत परत त्याच स्ट्रेनशी जोडी लावलीय, ते काढ, दहा पिढ्या हा नेहमीचा हिशेब, आणि दहानंतरही जीनच्या शेजारचा जुन्या स्ट्रेनचा तुकडा चिकटून राहतो हे विसरू नकोस. कंट्रोल बाहेरून विकत घेऊ नकोस, एकाच वेतातली सख्खी भावंडं घे, एकाच आईचं दूध प्यायलेली. मग उंदराला जरा त्रास देऊन बघ, उपास, थंडी, फॅटवालं खाणं, वय. बंद पंखा हिवाळ्यात कळत नाही, तसं आहे हे. आणि पिंजऱ्यात जन्मलेली पिल्लं मोजलीस का? चारास एक नॉकआऊट यायला हवा, कमी येत असतील तर जे धडधाकट दिसतायत ते वाचलेले आहेत, खरा परिणाम पोटात होऊन गेलाय. उंदराच्या साधारण पाव जीन्सचे नॉकआऊट पोटातच किंवा जन्मल्यावर थोड्याच दिवसांत जातात.

यातून काहीच नाही निघालं तर 'काही होत नाही' हेच नीट लिहून प्रसिद्ध कर. दुसऱ्या कुणाची तीन वर्षं आणि शेकडो उंदीर वाचतील.

हे सगळं अमेरिका-युरोपातच झालं का? आपल्याकडे कुणी नाही? (गृहिणी, ठाणे)

आहेत की! कमल रणदिवे. १९१७ मध्ये पुण्यात जन्म, मुंबईत कॅन्सर संशोधक डॉ. खानोलकरांच्या हाताखाली पीएचडी, मग अमेरिकेत जाऊन टिश्यू कल्चर, म्हणजे पेशी शरीराबाहेर वाढवणं, शिकून परत आल्या आणि मुंबईत त्याची लॅब उभी केली. स्तनाच्या कॅन्सरवर त्यांनी उंदरांच्या स्ट्रेनमधून काम केलं, परळच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरचा आयसीआरसी नावाचा उंदराचा स्ट्रेनच होता, त्यात स्तनाच्या गाठींचं प्रमाण जास्त. या विषयाची पार्श्वभूमी पण भारी आहे: १९३६ मध्ये जॅक्सन लॅबच्या जॉन बिटनर यांनी दाखवलं की गाठींच्या घराण्यातली पिल्लं जन्मताच दुसऱ्या स्ट्रेनच्या आईच्या दुधावर ठेवली तर गाठी खूप कमी होतात, म्हणजे सगळं जीनमधून नाही तर काहीतरी दुधातून जातंय, तो व्हायरस निघाला. रणदिवेबाई आनुवंशिकता, हार्मोन आणि व्हायरस या तिन्हींचा धागा एकत्र बघत होत्या. १९७३ मध्ये त्यांनी इंडियन विमेन सायंटिस्ट्स असोसिएशन उभी केली, १९८२ मध्ये पद्मभूषण. आज खारघरला टाटा मेमोरियलच्या अ‍ॅक्ट्रेक या कॅन्सर संशोधन केंद्रामध्ये मोठं अ‍ॅनिमल हाऊस आहे, पुण्यात आयसर या विज्ञानसंस्थेमध्ये म्यूटंट उंदरांची राष्ट्रीय फॅसिलिटी आहे.

मुक्या जिवांना असं जन्मतःच आजारी करायचं, हे पाप नाही का? (ज्येष्ठ नागरिक, सोलापूर)

आजी, हा प्रश्न मला माझ्या आईनेही विचारला होता, आणि तिचं समाधान मी शेवटपर्यंत करू शकले नाही. मला जे वाटतं ते सांगते. जीव जातात, त्रास होतो, हे मी नाकारणार नाही. ओबी-डीबीच्या जोडलेल्या उंदरांबद्दल मी वर लिहिलंच. पण त्या ब्रिटनमधल्या मुलीला जेवणाच्या ताटावरून शांतपणे उठता आलं तेही मी नाकारू शकत नाही. या दोन्ही गोष्टी मी एकाच मनात घेऊन काम केलं.

नियम आहेत. १९६० च्या प्राण्यांवरील क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली सीसीएसईए ही केंद्रीय समिती आहे, आधी तिला सीपीसीएसईए म्हणायचे, आणि प्रत्येक संस्थेची स्वतःची एथिक्स कमिटी, तिच्या मंजुरीशिवाय एक उंदीर वापरता येत नाही. १९५९ मध्ये रसेल आणि बर्च यांनी तीन गोष्टी सांगितल्या त्या आजही पाया आहेत: उंदराशिवाय होत असेल तर तसं करा, लागलाच तर कमीत कमी वापरा, आणि त्रास कमी करा. तिसऱ्यात अजून खूप करण्यासारखं आहे. २०१० मध्ये दाखवलं गेलं की उंदराला शेपटीने उचललं तर तो घाबरून राहतो, नळीत शिरू देऊन किंवा ओंजळीत उचललं तर भीती कमी होते. एवढी साधी गोष्ट, खर्च काही नाही, आणि तरी अजून कितीतरी ठिकाणी शेपटीनेच उचलतात. याचा मला मनापासून राग येतो.

एखादा म्यूटंट स्ट्रेन मेला तर कायमचा गेला का? (बारावीचा विद्यार्थी, लातूर)

पूर्वी हो. ऑक्टोबर १९४७ मध्ये मेन राज्यात बार हार्बर ज्या बेटावर आहे तिथे वणवा लागला आणि जॅक्सन लॅब जळाली, बहुतेक उंदीर गेले. पण त्यांनी आधीची कितीतरी वर्षं जगभर उंदीर पाठवले होते, ज्यांना दिले होते त्या लॅबनी त्याच उंदरांचे वंशज परत पाठवले, आणि लॅब पुन्हा उभी राहिली. मग १९७२ मध्ये उंदराचे भ्रूण गोठवून, वितळवून, दुसऱ्या मादीत ठेवून जिवंत पिल्लं मिळाली. आता स्ट्रेन लिक्विड नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंशावर ठेवतात, भ्रूण किंवा नुसते शुक्राणू. वापरात नसलेला स्ट्रेन पिंजऱ्यात पिढ्यानपिढ्या वाढवत बसायला नको, म्हणजे उंदीरही कमी लागतात, आणि नवी म्यूटेशन साठत जाऊन तो हळूहळू बदलत पण नाही. आमचे आखूड शेपटीवाले पण मी निवृत्त व्हायच्या आधी असेच गोठवून ठेवले, दोन वेगवेगळ्या टाक्यांत, दोन वेगवेगळ्या इमारतींत.